शांतता समितीचे सोनकांबळे सर

जगात शांतता नांदावी असं वाटणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. दुपारचं जेवण झाल्यावर तसं वाटणं सोपं असतं. आमच्या शिक्षण संस्थेच्या वर्धापनदिनाला अध्यक्ष बापूसाहेब दरवर्षी टाळ्यांच्या गजरात पांढरी कबुतरं सोडत. कबुतरं त्यांच्याच माडीवरच्या खुराड्यातली असत आणि संध्याकाळी परत खुराड्यात येत, त्यामुळे विश्वशांतीपायी कुणाचं काही जात नसे. पण विश्वशांती हे आपलं काम आहे, ते आपल्यालाच करायचं आहे आणि जमल्यास सहामाहीच्या आत उरकायचं आहे, असं मानणारा माणूस मला एकच भेटला. सोनकांबळे सर. ते आमच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत.

गाव चाकूरच्या पुढं, एसटीच्या रस्त्यापासून आत. लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. आधी जिल्ह्याच्या कामाला उस्मानाबादला जायचं म्हणजे भाकरी बांधून मुक्कामाच्या तयारीनं जावं लागे. आता सकाळी जाऊन, काम न होता, संध्याकाळी घरी परत येता येऊ लागलं. एवढी प्रगती पाहून लोक खूश होते. मी मुरुडचा जाधव, मराठी शिकवायला म्हणून तिथं लागलो आणि वरच्या आळीला एक खोली घेतली. सोनकांबळे सर गावचेच. बौद्धवाड्यात त्यांचं पत्र्याचं घर होतं, घरात ते आणि त्यांची आई गयाबाई. लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलं तर म्हणत, "आधी अमेरिका-रशियाचं जमू द्या."

उंच, किडकिडीत माणूस. टेरिकॉटचे दोन पांढरे शर्ट, एक अंगात आणि एक दोरीवर. त्यांना एक विचित्र सवय होती. कुठल्याही खोलीत शिरले की आधी खुर्च्या मोजत, मग माणसं मोजत, आणि खुर्च्या कमी भरल्या तर भिंतीला टेकून उभे राहत. सुरुवातीला मला हा नम्रपणा वाटला. एकदा विचारलं तर म्हणाले, "जगातला समदा तंटा हितूनच निघतो सर. पहिलं कोण, आन् कुणाला किती. बाकीचं सगळं पुस्तकवाल्यांनी वाढवून ठेवलंय." हे वाक्य ते पहिल्या महायुद्धालाही लावत आणि शाळेच्या गॅदरिंगमधल्या चिवड्याच्या पुड्यांनाही. दोन्हीकडं ते बसायचं, हे कबूल करायला हवं.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शेवटचा धडा संयुक्त राष्ट्रसंघ आणि विश्वशांतीचा. त्यावर परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न येई आणि मार्चपर्यंत त्या धड्याला पोचलेली शाळा मी तरी पाहिलेली नाही. मुलं विश्वशांती ऑप्शनला टाकत, मास्तरही टाकत. सोनकांबळे सर मात्र जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच तासाला तो धडा काढत. हेडमास्तरांनी त्यांना बोलावून समजावलं, "अहो, पहिला धडा ग्रामपंचायत आहे. क्रमानं चला ना."

"ग्रामपंचायतीपासून सुरू केलं तर लेकरं जगापत्तूर पोचतच न्हाईत सर," सोनकांबळे म्हणाले. "तितंच अडकत्यात."

हेडमास्तर स्वतः एका उकिरड्याच्या जागेपायी चार वर्षं ग्रामपंचायतीत अडकलेले होते. त्यांनी सरांना वर्गावर जायला सांगितलं.

त्या धड्यासाठी सर वर्गात राष्ट्रांची सभा भरवत. टोपीत देशांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, प्रत्येकानं एक उचलायची आणि वर्षभर तो देश सांभाळायचा. एका वर्षी बापूसाहेबांच्या पुतण्याला भूतान निघाला आणि बौद्धवाड्यातल्या सुमनला अमेरिका. पुतण्या रडत घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप मोटारसायकलवरून शाळेत आला. म्हणाला, "आमच्या पोराला एवढूसा देश? गावात जमीन कुणाची किती हाय, ते तुमाला ठावं न्हाई का?"

"चिठ्ठी त्यानंच उचलली जी," सर म्हणाले.

"मंग चिठ्ठ्या बदला."

हेडमास्तरांनी मध्यस्थी केली. म्हणजे जे सांगितलं होतं ते केलं. पुतण्या अमेरिका झाला आणि सुमनला भूतान आला. सर वर्गात जाऊन शांतपणे म्हणाले, "लेकरांनो, आता नीट झालं. आता खऱ्यासारखं झालं." सुमननं वर्षभर भूतान फार चांगला चालवला, हे इथं नोंदवून ठेवतो, कारण ते दुसरं कुणी नोंदवणार नाही.

नव्या जिल्ह्याबरोबर नवे साहेब आले आणि नव्या साहेबांबरोबर नवे हुकूम. प्रत्येक ठाण्याच्या हद्दीत शांतता समिती हवी, असा एक हुकूम होता. ज्याच्यात शांतता मोडायची ताकद आहे त्यालाच शांतता समितीवर घेतात, हा नियम मला तेव्हा कळला. सर म्हणाले, "वर बी हेच हाय. ज्यांच्यापाशी बाँब, त्ये कायमचे सभासद." आमच्या समितीचे अध्यक्ष अर्थातच बापूसाहेब. बौद्धवाड्याचा एक माणूस घेणं भाग होतं. फौजदारांना कमी बोलणारा हवा होता आणि इतिहासाचे मास्तर निरुपद्रवी असतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं. असे सोनकांबळे सर समितीवर गेले. त्यांचा आनंद काय सांगावा. त्यांनी एक शंभर पानी वही घेतली.

पहिल्या बैठकीत चहा आला, भजी आली, आणि सर भिंतीला टेकून उभे राहून म्हणाले, "साहेब, सुरुवातीला शांतता म्हंजी काय, ते ठरवून घेऊ."

फौजदारांनी भजं संपवलं. "शांतता म्हणजे ठाण्यात तक्रार न येणं," ते म्हणाले.

सरांनी वहीत लिहून घेतलं. "पुस्तकातल्यापरीस बरी हाय," ते म्हणाले. "परीक्षेत कुणी लिवली तर मी दोनीपैकी दोन मार्क देईन." फौजदारांना ती स्तुती वाटली. नंतर ते सरांशी बराच काळ चांगलं वागत होते.

मग लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं गेलं. वरच्या आळीच्या विहिरीचा तळ होळीलाच दिसू लागला. गावाच्या तिन्ही अंगांनी मात्र बापूसाहेबांचा ऊस उभा होता, हिरवागार. लाइट आली की त्यांच्या मोटारी सुरू होत आणि गावाखालचं पाणी उसात जाई. दुष्काळ गावाला आला होता, उसाला कुणी कळवलं नव्हतं. सर मुलांना भांडवलशाही शिकवायला खिडकी उघडत आणि बोटानं ऊस दाखवत. हेडमास्तरांनी ती खिडकी खिळे मारून बंद करून घेतली.

गावात पाणी राहिलं ते एकाच ठिकाणी, बौद्धवाड्याच्या हापशाला. वाडा ओढ्याकडच्या सखल अंगाला. गावानं चांगली जागा दिली नाही म्हणून तिथं वसलेला. सरकारनं हापसा दिला तोही तिथंच, आणि आता तोच तेवढा चालत होता.

यामागं एक जुनी रीत होती, ती सांगितली पाहिजे. गयाबाईंच्या तरुणपणी त्यांच्या वाड्यातल्या बायकांना विहिरीला हात लावता येत नसे. घागर पालथी घालून लांब बसायचं. वरच्या आळीतल्या कुणाला दया आली की ती बाई घागर सुलटी करायला सांगे आणि वरून, शिवणार नाही अशा बेतानं, पाणी ओती. जेवण वाढतात तसं याला 'पाणी वाढणं' म्हणत. गयाबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "निजामाचं राज गेलं, आपलं आलं, तरी म्या बसलेलीच व्हते."

आणि आता एका दुपारी वरच्या आळीच्या सात-आठ बायका घागरी घेऊन हापशापासून लांब येऊन उभ्या राहिल्या. वाड्यातली तरणी पोरं हापशाभोवती जमली. त्यांतला प्रकाश, ज्याला पोलीस भरतीचं बोलावणं आलेलं होतं, तो म्हणाला, "बसा म्हणावं घागर पालथी घालून. आज आपुन वाढू."

शाळा सुटून आम्ही दोघं तिथूनच चाललो होतो. सर मध्ये जाऊन उभे राहिले. त्यांनी सगळ्यांदेखत आईला विचारलं, "माय, तू सांग."

गयाबाई हापशाच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी खोटं बोलायचं कारण नव्हतं. "मला त्यायला बसल्यालं बघायचं हाय रं," त्या म्हणाल्या. "एकच दिस. मंग दे पाणी."

"एक दिस बसिवलं तर आपुन बी त्येच झालो की माय."

"झालो तर झालो. तुजं काय जातंय? तू कवा बसलास?"

सरांनी खिशातून खडू काढला आणि हापशापासून रस्त्यापर्यंत फरशीवर, पुढं दगडांवर, एक रेघ ओढत नेली. "रांग एकच," ते म्हणाले. "जो आधी आला तो आधी. एका टायमाला दोन घागरी. बाकी कायबी न्हाई." गयाबाई दोन दिवस लेकाशी बोलल्या नाहीत, पण घागर रांगेत लावली.

वरच्या आळीच्या बायका सुरुवातीला आपली घागर आणि पुढची घागर यांत हातभर अंतर ठेवत. कुणीतरी सरांना ते दाखवलं. सर म्हणाले, असू द्या. आठवड्याभरात माणसं वाढली, रांग रस्त्यापर्यंत गेली, मागून रेटा आला आणि ते अंतर आपोआप मिटलं. मागून रेटा आला की सोवळं फार टिकत नाही. मीही रांगेत होतो, गयाबाईंच्या मागं. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमी बी आलाव का सर? लावा, नंबर लावा."

सरांचं पाऊल त्या दिवसांत जमिनीला लागत नव्हतं. "ह्याला विश्वशांती म्हणत्यात जाधव सर," ते म्हणाले. "ल्हान हाय, पर पुरी हाय." आणि मग त्यांच्या मनानं घेतलं की ही गोष्ट जिल्ह्याला कळवायची. नवा जिल्हा, त्यालाही काही चांगलं कळू दे. पत्राचा मजकूर त्यांनी सांगितला आणि भाषा माझ्याकडं सोपवली. मराठीचा मास्तर हातात सापडला म्हटल्यावर पत्र साधं कसं राहील? त्यांनी सांगितलं होतं, 'गावात पाणी सर्वांना समान मिळते.' मला वाक्य लंगडं वाटलं. तोल साधावा म्हणून मी लिहिलं, 'गावात पाणी सर्वांना समान व पुरेसे मिळत असून कोणाचीही तक्रार नाही.' सरांनी वाचलं आणि माझा हात दाबला.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. नव्याचे नऊ दिवस असतात, कचेऱ्याही तेव्हा उत्तरं देत. सरांनी ते स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचलं. पहिल्या परिच्छेदात गावाचं कौतुक होतं, आदर्श वगैरे. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की गावात पाणी पुरेसे असल्याचे आपणच कळविले असल्याने गावाचे नाव टंचाईच्या यादीतून वगळून मंजूर झालेला टँकर रद्द करण्यात येत आहे. सरांनी तो परिच्छेदही त्याच आवाजात पूर्ण वाचला. नंतर त्यांनी खुर्च्यांकडं पाहिलं, एक रिकामी होती, आणि मी पहिल्यांदा त्यांना तिच्यावर बसताना पाहिलं.

टँकर रद्द झाल्याचं कळेपर्यंत हापसा खोकू लागला होता. एवढ्या गावाला एक हापसा किती पुरणार? आधी पन्नास दांडे मारल्यावर घागर भरे, मग शंभर, मग गढूळ आणि मग नुसता वारा. दोन्हीकडच्या बायका सरांच्या दारात आल्या. गावाच्या इतिहासात वरची आळी आणि बौद्धवाडा प्रथमच एका आवाजात बोलत होते, आणि तो आवाज सरांना शिव्या देत होता. समता याहून पुरी होत नाही. मी खोलीचं दार लावून आत बसलो होतो. 'पुरेसे' माझं होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं आणि सरांनी ते कुणाला सांगितलं नाही.

बापूसाहेबही दुखावले होते, कारण टँकर त्यांचा होता. त्यांचीच बोअर, त्यांचाच टँकर. गावाखालचं पाणी मोटारीनं वर काढायचं आणि ते गावालाच आणून घालून गावाचे आशीर्वाद घ्यायचे, अशी सोय ठरलेली होती. त्यांनी शांतता समितीची तातडीची बैठक लावली. सर मला बरोबर घेऊन गेले. भजी होती.

"नवा अर्ज केला तर महिना जाईल," फौजदार म्हणाले. "पण पाण्यावरनं भांडण झालं, शांततेला धोका हाय, असा ठाण्याचा रिपोर्ट गेला की तिसऱ्या दिवशी टँकर. फक्त भांडण पायजे."

"भांडण झालंच न्हाई," सर म्हणाले. "एक दिस बी झालं न्हाई. माझ्या वहीत हाय."

"म्हणून तर पाणी न्हाई गुरुजी," बापूसाहेब मायेनं म्हणाले. "काय बोलालाव तुमी. नावं द्यायची चार. तुमच्याकडं हायत की तापट पोरं. तो प्रकाश हाय."

प्रकाशचं नाव ठाण्यात चढलं की त्याची भरती गेली. नाव न द्यावं तर गावात लेकरं ओठ चाटत होती. एवढ्या वर्षांत त्यांनी अमेरिका-रशियाला जे जे करायला सांगितलं होतं, त्यातलं काहीच इथं उपयोगाचं नव्हतं.

"भांडण म्या केलं, लिवा," ते म्हणाले.

फौजदार हसले. "एकटा माणूस कसा भांडंल?"

"म्या रांग मोडली. बायांला आडिवलं. घागरी लाथाडल्या. लिवा की साहेब, मास्तर हाय म्हणून काय भांडता येत न्हाई?"

लिहिलं गेलं. मग साक्षीदार लागला. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सोनकांबळे सरांनी घागरी लाथाडल्या हे मी समक्ष पाहिलं, असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली. 'पुरेसे' फेडायला दुसरा मार्ग नव्हता, असं मी अजूनही स्वतःला सांगतो. ते पटत नाही आणि मला त्याची लाज वाटते. सर कागद वाचून म्हणाले, "मराठी झ्याक झालंय."

तिसऱ्या दिवशी टँकर आला आणि वरच्या आळीच्या विहिरीत रिकामा झाला. लगेच विहिरीवर रांगा झाल्या, दोन. गयाबाई घागर घेऊन गेल्या. बसल्या मात्र नाहीत. घागर कडेवर तशीच धरून उन्हात उभ्या राहिल्या, नंबर येईपर्यंत. प्रकाश भरतीला गेला आणि लागला. ठाण्यात नाव असलेला शिक्षक गावात नको, असं संस्थेच्या अध्यक्षांना वाटलं आणि शाळा उघडायच्या आत सरांची बदली नायगावकडच्या एका खेड्यात झाली. तिथं संस्थेची नवी शाखा होती, नांदेड जिल्हा, कन्नड संपून तेलुगू कानावर पडू लागतं तो मुलूख. समितीवर त्यांच्या जागी हेडमास्तरांना घेतलं.

तीन-चार वर्षांनी शिक्षकांच्या शिबिराला मी नांदेडला गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला म्हणून नायगावची गाडी धरली. गणपतीला आठवडा होता. सरांच्या शाळेत गेलो तर शिपाई म्हणाला, "सर ठाण्यात गेलेत. सणाच्या आधी जावंच लागतंय त्यायला."

ठाण्याच्या ओसरीत टेबल मांडून नायब तहसीलदार बसले होते. समोर दहा-बारा जण. हातभट्टीवाले, मारामारीवाले, एक गळ्यात ताईत घातलेला पैलवान, आणि पांढऱ्या शर्टातले सोनकांबळे सर. शांतता मोडणाऱ्यांची यादी त्यांच्या मागोमाग नव्या ठाण्यात पोचली होती. सणासुदीला अशांकडून हमीपत्र घेतात. बाकीचे अंगठा उठवून, सही ठोकून भराभरा निघून जात होते. सरांनी कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

"गुरुजी, दर बारीला त्येच असतंय," हवालदार म्हणाला. "काय वाचून राहिले?"

"एकानं तरी वाचावं," सर म्हणाले. सगळा वाचला, सही केली, खाली तारीख घातली.

बाहेर आल्यावर त्यांनी मला पाहिलं आणि त्यांना खरंच आनंद झाला. गयाबाई बऱ्या आहेत म्हणाले, इथल्या पाण्याला नावं ठेवतात म्हणाले. मी मनात वर्षानुवर्षं जुळवलेलं वाक्य काढलं. "सर, ते पत्र माझ्यामुळं बिघडलं. आणि ती सही. माझं चुकलं."

ते चालता चालता थांबले. हातातला हमीपत्राचा कार्बन त्यांनी उलगडून मला दाखवला. कोणाशीही तंटा करणार नाही, कोणावर हात उगारणार नाही, शांतता राखीन, असं त्यात होतं.

"एवढाच कागूद हाय सर," ते म्हणाले. "समद्या जगानं ह्याच्यावर सही करावी म्हणून म्या एवढी वर्सं शिकिवलं. बाँबवाल्यांनी केली न्हाई, बापूसाहेबांनी केली न्हाई. त्यायला कुणी बोलिवलंच न्हाई. म्या केली." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "सहा म्हैन्यांची हाय. मुदत सरली की परत यावं लागतंय."